पवनीच्या पोरीनं जगाची कला शिकावी का?

पत्र: ताई, मी पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा इतिहास घेऊन बीए झाले, ६४ टक्के मिळाले. घरी तीन एकर धानाची बांधी आहे, आईबाबा दोघंही त्यातच राबतात. आम्ही बौद्ध आहोत, जगन्नाथ टेकडीवर लहानपणापासून जाते. कॉलेजच्या सरांनी मोबाइलवर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा जागतिक कलेचा एमए दाखवला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. तो केला की म्युझियममध्ये नोकरी लागते म्हणतात. बाबा म्हणतात, एक एकर विकू. मामा म्हणतात, पोरीला बीएड करू दे, नाहीतर पोलीस भरतीला बसव. म्युझियममध्ये जुनी भांडी पुसायला कोणी एवढे पैसे घालतं का, असंही तेच विचारतात. खरंच अशी नोकरी असते का, ताई? मी काय करू? नाव छापू नका.

उत्तर:

तुझ्या नोकरीच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, अशी नोकरी असते. जागा थोड्या असतात. सुरुवातीची कामं बहुतेक कंत्राटी किंवा एखाद्या प्रकल्पापुरती असतात, आणि त्यासाठी घर सोडून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, वडोदऱ्यासारख्या गावी राहावं लागतं. पण ती पगाराची नोकरी आहे आणि तुला ती मिळू शकते. मात्र एक एकर विकायचा नाही. आज तर नाहीच. एवढं बाबांना आधी वाचून दाखव, मग पुढचं वाच.

आता मामांच्या भांडी पुसण्याबद्दल. तू ज्या टेकडीवर लहानपणापासून जातेस, तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. टेकडीच्या पोटात स्तूप होता, त्याच्या कठड्याचे कोरीव खांब होते. त्यातल्या एका खांबावर मुचलिंद नाग आहे. रिकाम्या आसनावर त्यानं फणा धरला आहे. आसन बुद्धांचं, पण बुद्ध दाखवलेले नाहीत, कारण इतक्या जुन्या शिल्पांत त्यांची मूर्ती न घडवता आसन, वृक्ष, चक्र अशा खुणांनीच त्यांचं असणं दाखवत. हा खांब २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भारतातल्या आरंभीच्या बौद्ध कलेच्या प्रदर्शनात उभा होता. जगभरातून आलेली माणसं आपल्या पवनीच्या दगडासमोर थांबत होती.

असा एक दगड समुद्रापार जाऊन सुखरूप परत यायचा, तर त्यामागे किती जणांचं काम असतं ते बघ. कोणता खांब मागायचा आणि त्याच्या शेजारी काय ठेवायचं हे क्युरेटर ठरवतो, सरकारी कागदात ज्याला अभिरक्षक म्हणतात. त्यासाठी त्याला पवनीही माहीत हवी आणि सांची, भरहुत, अमरावतीही. मग रजिस्ट्रारचं काम सुरू होतं: उसनवारीचा करार, विमा, पुरावस्तू तात्पुरती देशाबाहेर नेण्याची केंद्र सरकारची परवानगी, पेटीचं माप. संवर्धक दगडाची प्रत्येक चीर, प्रत्येक टवका फोटोसह कागदावर नोंदवतो. तोच कागद पेटी उघडल्यावर आणि परतल्यावर पुन्हा तपासला जातो. महत्त्वाच्या वस्तूसोबत संग्रहालयाचा एक माणूसही प्रवास करतो, पेटी त्याच्यासमोर उघडते. तिकडे कोणी खांबाचं वजन पेलणारा आधार घडवतो, कोणी प्रकाश लावतो, कोणी भिंतीवरची माहिती लिहितो, कोणी शाळेच्या मुलांना ते समजावून सांगतो. यातलं प्रत्येक काम म्हणजे एक नोकरी आहे. आपल्याकडे म्युझियम म्हटलं की दारावरचा चौकीदार आणि काचेमागची तलवार एवढंच दिसतं, म्हणून मामा तसं म्हणाले. त्यांच्यावर रागावू नको.

आता जागतिक कलेच्या एमएविषयी. तुझ्या सरांनी दाखवलेलं विद्यापीठ कोणतं ते तू लिहिलं नाहीस, पण या विषयासाठी इंग्लंडमध्ये पहिलं नाव निघतं ते नॉर्विचच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियाचं. तिथल्या आवारातच सेन्सबरी सेंटर हे संग्रहालय आहे, १९७८ मध्ये उघडलेलं, आणि आफ्रिका, पॅसिफिकमधली बेटं आणि अमेरिका खंडांच्या कलांसाठी वेगळा संशोधन विभाग आहे. लंडनच्या सोअ‍ॅस विद्यापीठात आशिया आणि आफ्रिकेच्या कलेचा अभ्यास चालतो. लेस्टर विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्राचा विभाग १९६६ पासूनचा आहे, पण तिथे कलेच्या इतिहासापेक्षा संग्रहालय कसं चालवायचं यावर भर असतो. हा फरक लक्षात ठेव. एक अभ्यासक्रम वस्तू वाचायला शिकवतो, दुसरा वस्तूंचं घर सांभाळायला. नोकरीच्या मुलाखतीत दोन्हींबद्दल विचारतात.

वस्तू वाचणं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते. नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातले पितळी पट आणि मुखवटे मेणाच्या साच्यावर माती लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळीत धातू ओतून घडवलेले आहेत. आपल्याकडे गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये ढोकऱ्याच्या मूर्ती याच पद्धतीनं होतात. भंडाऱ्याचं पितळकाम तर तुझ्या जिल्ह्याचंच. दोन खंडांतल्या कारागिरांनी एकाच युक्तीचं काय काय केलं, कोणासाठी केलं, राजासाठी की गावदेवासाठी, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हा विषय शिकवतो. शिवाय एक अवघड प्रश्नही विचारायला शिकवतो: ही वस्तू इथे आली कशी? बेनिनच्या वस्तू १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेनं लुटून नेल्या. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं २०२२ मध्ये आपल्याकडच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली. त्याच वर्षी जर्मनीनंही काही परत केल्या. वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेली याचा माग काढणं हे आज मोठ्या संग्रहालयांत पूर्ण वेळेचं काम झालं आहे, त्यासाठी स्वतंत्र माणसं नेमतात.

आणि हे काम आपल्या फार जवळचं आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या मंदिरातला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतला. २०१४ मध्ये तो भारतात परत आला. तो आपलाच हे सिद्ध कशानं झालं? पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं १९९४ मध्ये त्याच मंदिरात त्याचा फोटो काढून ठेवला होता. एका खेड्यातल्या देवळात कोणीतरी जाऊन, नीट उजेड बघून, तारीख टाकून काढलेला फोटो. आता आपल्या झाडीपट्टीकडे बघ. मार्कंड्याच्या देवळांसारखी मोठी ठिकाणं सोड. पण तलावाच्या पाळीवर, पिंपळाखाली, शेताच्या धुऱ्यावर शेंदूर फासलेल्या, हातपाय तुटलेल्या किती मूर्ती आहेत! त्यातल्या बहुतेकींचा एकही फोटो कुठल्याही दप्तरात नाही. उद्या एखादी रातोरात गायब झाली, तर ती आपल्या गावची होती हे सांगायला आपल्या हातात काय आहे? तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आशा दिसली ती याच जागी, म्हणून इतकं लिहिलं.

तू कदाचित म्हणशील, मग आपल्याच कलेचा अभ्यास करावा, जगाची कशाला? तर भारतातल्या संग्रहालयांनाही जग माहीत असणारी माणसं लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन असीरियाच्या (आजच्या इराकमधल्या) राजवाड्यातले शिल्पपट आहेत, चिनी आणि जपानी वस्तू आहेत, युरोपची चित्रं आहेत. २०१७ मध्ये तिथे ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत भारत आणि जग यांची गोष्ट सांगणारं मोठं प्रदर्शन झालं. २०२३ च्या डिसेंबरात इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोमची प्राचीन शिल्पं भारतीय शिल्पांसोबत मांडली गेली. आणि आपली माणसंही कधी एकटी नव्हती. इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, आणि तेही उत्खनन पवनी खणणाऱ्या शां. भा. देव यांच्याच देखरेखीतलं. पवनी, भोकरदन आणि पाँपेई यांच्यात रेघ ओढता येण्यासाठी तिन्ही ठिकाणं माहीत असावी लागतात.

तरीही माझा सल्ला असा की आधी भारतात शीक, दोन-तीन वर्षं काम कर, आणि मग परदेशी जा, तेही शिष्यवृत्तीवर. पऱ्हे तयार नसताना कोणी रोवणीला उतरत नाही, हे तुला मी सांगायला नको. ब्रिटनचा एमए बहुधा एक वर्षाचा असतो. ज्या मुलीनं संग्रहालयातली एकही वस्तू हाताळलेली नाही तिला ते वर्ष कळायच्या आत निघून जातं. पदवीनंतर काही काळ तिथे राहायची मुभा मिळते, पण तिथल्या मुलांनाही संग्रहालयात बिनपगारी मदतनीस म्हणून सुरुवात करावी लागते. जमीन विकून गेलेल्या मुलीला ते परवडत नाही. विनाअनुभव पदवी आणि डोक्यावर कर्ज घेऊन ती परत येते, आणि मग घरचे जे म्हणतील ते करते. हे मी जवळून पाहिलं आहे.

भारतात कुठे शिकायचं? वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ पासून आहे, आणि कलेच्या इतिहासासाठीही वडोदऱ्याचं नाव मोठं आहे. तुझ्यासाठी माझी पहिली पसंती तीच. नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत, म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूटमध्ये, कलेचा इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र या तिन्ही विषयांत एमए होतं. बनारस, कोलकाता, अलीगढ या विद्यापीठांतही संग्रहालयशास्त्र आहे. इतकं दूर पाठवायला घरचे तयार नसतील, तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, म्हणजे पवनी खणणारं तेच विद्यापीठ. तिथून एमए करून मग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा घ्यायचा, हा रस्ताही चांगला आहे. तुला रसायनाची आवड असती तर मी संवर्धनाकडे वळवलं असतं, कारण तिथे माणसं कमी पडतात. पण तू इतिहासाची आहेस. एमएनंतर नेट परीक्षेत संग्रहालयशास्त्र व संवर्धन हा वेगळा विषय असतो, तोही डोळ्यासमोर ठेव.

खर्चाचं म्हणशील तर भारतातल्या शिक्षणासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. नागपुरात वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात कर. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिथे विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं, म्हणून मनात भरलेलं विद्यापीठ त्या यादीत बसतं का ते अर्जाआधीच बघ. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे. त्यात ६० टक्के गुण, ३५ पेक्षा कमी वय आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत अशा अटी आहेत, आणि तू त्यात बसतेस. पण २०२२ मध्ये त्या योजनेतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा असंच माझं मत आहे. तुझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की प्रस्तावात विषय काय लिहितेस यावर पुष्कळ काही ठरेल. नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाच, एजंटाच्या तोंडून ऐकू नको. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी. ब्रिटिश म्युझियम २००६ पासून इतर देशांतल्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देतं, भारतातलीही माणसं त्यात जाऊन आली आहेत. हे दोन्ही दरवाजे आधी काम केलेल्यांनाच उघडतात.

प्रवेश होईपर्यंतचे महिने वाया घालवू नको. एक जाडशी वही घे आणि आसपासच्या चार-पाच गावांतल्या जुन्या वस्तूंची नोंद सुरू कर. मूर्ती, वीरगळ, जुनी जाती, लाकडी कोरीव चौकटी, ढोल, मापं, काहीही. प्रत्येकीला क्रमांक दे. काय आहे, कशाची आहे, उंची-रुंदी किती, कुठे आहे, काय तुटलं आहे, तिच्याबद्दल कोणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला पाहिली, हे सगळं लिही. शेजारी पट्टी ठेवून समोरून, मागून, बाजूनं फोटो काढ. वस्तू कोणाच्या घरची किंवा देवळातली असेल तर आधी विचार, पूजेची असेल तर हात लावू नको. शेंदूर खरवडायचा नाही, तेल लावायचं नाही, लिंबू-चिंच तर मुळीच नाही. जमिनीतून काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यामुळे उचलून घरी आणायचं काहीच नाही. सापडलेल्या मूर्तींची जागा गावाबाहेरच्या कोणालाही, फेसबुकवर तर अजिबात, सांगू नको. चोरही ते वाचतात. वही मात्र सरांना दाखव आणि एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयात दे. मुलाखतीत अशी वही समोर ठेवणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही, आणि माझ्या समोर आली तर तिची निवड करायला मला वेळ लागणार नाही.

नागपूरला जाशील तेव्हा अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, नीट वेळ काढून बघ. चिचोलीच्या शांतिवनलाही जा, तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. तू त्यांच्यासमोर हात जोडशीलच, ते झाल्यावर जरा वेगळ्या नजरेनं बघ: कापडावर उजेड किती पडतो? कागदाला उदई लागू नये म्हणून काय केलंय? कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा हवेत कोट, पुस्तक, कागद टिकवायला शिकलेली माणसं विदर्भाला हवी आहेत.

बीएडबद्दल दोन शब्द. बीएड वाईट नाही. संग्रहालयात शिक्षण विभाग असतो. मुंबईचं वस्तुसंग्रहालय २०१५ पासून एक फिरतं संग्रहालय बसमधून शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत नेतं, तिथे शिकवता येणारी माणसंच लागतात. पण मामांना बरं वाटावं म्हणून दोन वर्षं घालवू नको. एमए करून पुढे वाटलं तर बीएड करता येईल. पोलीस भरतीविषयी तुझ्या पत्रात तुझं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून मीही काही लिहीत नाही. मामांना हेही सांग की ही पदवी फक्त संग्रहालयापुरती नसते. पुण्यात टाटांचं आणि मुंबईत गोदरेजचं अभिलेखागार आहे, इंटॅकसारख्या संस्था वारशाच्या नोंदणीची कामं करतात, लिलावगृहं आहेत, विद्यापीठं आहेत.

तुझं इंग्रजी कच्चं आहे असं तू पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंस. या विषयातलं इंग्रजी वाचूनच सुधारतं. परदेशातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक वस्तूच्या फोटोखाली पाच-सहा ओळींची माहिती असते, ती फुकट वाचायला मिळते. रोज एक वस्तू घे. फोटो बघून आधी स्वतः मराठीत पाच ओळी लिही, मग त्यांच्या ओळी वाच, शब्द शोध, आणि त्यांना दिसलेलं पण तुला न दिसलेलं काय ते वहीत टिपून ठेव.

वडोदरा आणि नोएडाच्या अर्जाच्या तारखा या आठवड्यातच बघून घे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला अद्ययावत कर, आणि नागपूर विद्यापीठाचा अर्जही सोबत भरून ठेव. वहीतल्या पहिल्या दहा नोंदी झाल्या की फोटोंसह या सदराच्या पत्त्यावर पाठव. नाव छापणार नाही. कुठे काय सुटलं ते मी लाल शाईनं लिहून परत पाठवीन.